रिपोर्ट नॉर्मल आहे

मुलुंड (पूर्व)
२ मार्च २०२४

भीमराज,
जय भीम.

फोनवर तू "बरा आहे" यापुढे जात नाहीस आणि मला चिडायला होतं, म्हणून पत्र. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं टपाल दारोदार नेलं, आता माझ्या दारात कोणीतरी एक पत्र आणावं. हसू नकोस. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, तुला अक्षरं मीच गिरवायला लावली. तुझं अक्षर बघितलं की तू कसा आहेस ते मला कळतं.

माझी किडनी तुझ्यात बसवली त्याला सात आठवडे झाले. तीन महिने पाहुणे बंद, असं डॉक्टरांनी सांगितलंय ते बरोबरच आहे. दिवसभर पंचवीस जिने चढणाऱ्या बाईने तुझ्या खोलीत कशाला यावं?

हो, पंचवीस जिने. मी सोमवारपासून कामावर रुजू झाले. आमचे पोस्टमास्तर सुयोग सर म्हणाले, "संघमित्राबाई, महिनाभर टेबलावर बसा." मी म्हटलं, पिशवी द्या. गव्हाणपाड्यापर्यंतची माझी बीट एका दमात केली. टाके होते तिथे आता खाजसुद्धा येत नाही. तेव्हा माझी काळजी बंद कर आणि तुझं सगळं सविस्तर लिही. काय खातोस, गोळ्या किती, रिपोर्ट काय. जान्हवीला म्हणावं, पाणी उकळूनच दे.

तुझी ताई,
संघमित्रा


दहिसर
१० मार्च २०२४

ताई,
जय भीम.

घे, दोन पानं. हातात पेन धरून इतकी वर्षं झाली की बोटं दुखतात. लाकडावर पेन्सिलीने खुणा करायची सवय, कागदावर काय.

मी खोलीतच असतो. खिडकीतून नदीचं वळण आणि समोरच्या टॉवरचे दोन मजले दिसतात. जान्हवी मास्क लावून आत येते, ताट ठेवते, जाते. स्वतःच्या बायकोचं तोंड दोन महिने अर्धंच बघतोय. गोळ्या दिवसाला अठरा. त्यात एक लांबट गुलाबी आहे, व्हॅलगॅनसिक्लोव्हिर. नाव पाठ व्हायला चार दिवस लागले. डॉक्टर शर्मिष्ठा मॅडमना विचारलं, ही कशासाठी? त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या रक्तात सीएमव्ही नावाचा जुना व्हायरस झोपलेला आहे. आपल्याकडे दहातल्या नऊ माणसांत असतो. तुम्हाला मात्र तो कधी झालाच नाही. आता किडनीबरोबर तुमच्यात येणार. म्हणून सहा महिने ही गोळी."

"मग दर मंगळवारी रक्त कशाला काढता?"

"रक्त हाडांच्या मगजात तयार होतं. ही गोळी व्हायरसला वाढू देत नाही, पण कधीकधी मगजातल्या नव्या पेशींनाही वाढू देत नाही. पांढऱ्या पेशी फार घसरल्या तर साधा तापसुद्धा जिवावर बेततो. घसरायला लागल्या की आम्ही डोस बदलतो. पण ते मला वेळेवर कळलं पाहिजे."

गेल्या मंगळवारी पाच हजार दोनशे होत्या. ठीक आहे म्हणाल्या.

तू जिने चढतेस ते वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली. देणारी पिशवी घेऊन फिरते आणि घेणारा चादर ओढून पडलाय. चंद्रप्रकाशचा फोन आला होता, ज्याच्या हाताखाली मी शूटिंगच्या सेटची सुतारकी करतो तो. मढला एका बंगल्यात राजवाड्याचा सेट लावायचाय, पंचवीस दिवसांचं काम. म्हणाला, "तू नसलास तर दुसरा बघतो, मग पुढच्या वेळी रागावू नकोस." अजून काही सांगितलं नाही त्याला.

तुझा
भीमराज


मुलुंड
१८ मार्च २०२४

भीमराज,

तुझं पत्र सुयोग सरांनी स्वतः हातात दिलं. म्हणाले, "बाई, आज तुमचीच डिलिव्हरी."

तो व्हायरस माझ्यातला, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. की सांगितलं आणि मी ऐकलं नाही? तेव्हा इतके कागद, इतक्या सह्या. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. शेजारची कुंदा म्हणाली, "दहात नऊ जणांत असतो तर तुझा काय दोष?" मी म्हटलं, दोष नाही गं, पण आपण भावाला चांगलं ते द्यायला जावं आणि त्याबरोबर हे जावं, याचं वाईट वाटतंच की.

गुलाबी गोळी चुकवू नकोस. रक्तही चुकवू नकोस.

कामाचं म्हणशील तर मॅडमना विचार. पण मनातलं सांगू? तू नुसता बसलेला मला बघवत नाही. डायलिसिसची तीन वर्षं तू बसूनच काढलीस. माझ्या किडनीला बसून खायची सवय नाही रे! हातात रंधा आला की तू अर्धा बरा होशील.

ताई


मढ
७ एप्रिल २०२४

ताई,
जय भीम.

पत्ता बघून दचकू नकोस. मॅडमना विचारलं. हलकं काम चालेल म्हणाल्या. मी फक्त मापं घेतो आणि जोड तपासतो, करवत दुसरे चालवतात. मास्क कायम. मुक्काम बंगल्याच्या मागच्या खोलीत, एकट्याला.

दरवाजा झकास झालाय. चौदा फुटी, दोन झडपांचा, प्लायवूडचा आहे पण पॉलिश असं बसलंय की बघणाऱ्याने सागवान म्हणावं. चंद्रप्रकाश सगळ्यांसमोर म्हणाला, "भीमराजचा हात गेलेला नाही." तीन वर्षांनी कोणीतरी माझ्या हाताबद्दल बोललं, ताई. नाहीतर सगळे फक्त शीर कुठली सापडते ते बघायला हात धरायचे.

रक्त इथल्याच लॅबमध्ये देतो. रिपोर्ट नॉर्मल आहे. पांढऱ्या पेशी पाच हजार. गुलाबी गोळी एकदाही चुकलेली नाही, मोबाइलमध्ये गजर लावलाय.

तुझा
भीमराज


मुलुंड
१६ एप्रिल २०२४

भीमराज,

परवा जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्यांदाच तू नव्हतास. गर्दीत आला नाहीस ते शहाणपणच केलंस. तू मोबाइलवर पाठवलेला दरवाज्याचा फोटो बघून कुंदा म्हणाली, "हे खोटं आहे?" मी म्हटलं, माझ्या भावाने केलंय.

एक विचारते. तुझ्या पत्रातल्या ओळी शेवटी शेवटी खाली उतरल्यात. लिहिताना दमला होतास का? आणि पाच हजार म्हणजे बरोब्बर पाच हजार? आधी पाच हजार दोनशे लिहिलं होतंस. तो रिपोर्टचा कागदच पाकिटात घालून पाठव. विश्वास नाही असं नाही, माझ्या समाधानासाठी.

ताई


अंधेरी
२६ एप्रिल २०२४

ती. ताईंना जान्हवीचा नमस्कार.

फोनवर मला नुसतं रडायलाच येत होतं, तुम्हाला नीट कळलं नसेल. इथे हॉस्पिटलात काचेबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

रविवारी ते मढहून आले तेव्हा अंगात ताप होता. म्हणाले, उन्हाचा आहे. दोन दिवस तापाची गोळी घेतली. मंगळवारी सकाळी थंडी वाजून दात आपटायला लागले तेव्हा मी ऐकलं नाही, रिक्षात घालून घेऊन आले. पांढऱ्या पेशी सातशे निघाल्या. शर्मिष्ठा मॅडमनी दोनदा तपासायला लावलं. त्या गुलाबी गोळीने मगजच थंडावला आहे म्हणाल्या. ती बंद केली, दुसरीही एक बंद केली, पोटात इंजेक्शनं देतात, पेशी वाढायची. मला म्हणाल्या, "मी यांना मढला जायला कधीच सांगितलं नव्हतं. महिनाभर हे मला दिसलेलेच नाहीत."

ताई, कपडे आणायला घरी गेले तेव्हा त्यांच्या बॅगेत एक रिपोर्ट सापडला. २६ मार्चचा. पांढऱ्या पेशी दोन हजार नऊशे. खाली पेनाने लिहिलंय, "तीन दिवसांनी पुन्हा तपासणे, डॉक्टरांना दाखवणे." त्यानंतरचा एकही कागद नाही. त्यांनी मला "नॉर्मल आहे" सांगितलं आणि मी कागद मागितला नाही. ते कामावर निघाले तेव्हा इतके खूश होते, मीच डबा भरून दिला.

काल तुम्ही काचेतून त्यांना बघून गेलात. जाताना जिन्यात पोटाला हात धरून बसलात. मी विचारलं नाही, पण बघितलं.

आज पेशी नऊशे आहेत.

जान्हवी


दहिसर
२ जून २०२४

ताई,

तू हॉस्पिटलात रोज येऊन काचेपलीकडे उभी राहायचीस आणि मी डोळे मिटून घ्यायचो. झोप नव्हती ती. तुझ्याकडे बघवत नव्हतं.

जान्हवीने तुला रिपोर्टचं सांगितलंय. आता माझ्या हाताने लिहितो. २६ मार्चला लॅबवाल्याचा फोन आला, पेशी कमी आहेत, डॉक्टरला दाखवा. मला माहीत होतं, दाखवलं तर मॅडम घरी बसवणार. २८ला मढची गाडी येणार होती. मला वाटलं, पंचवीस दिवसांनी दाखवू. नंतर कुठल्याच लॅबमध्ये गेलो नाही. तुला पाच हजार लिहिलं ते मनाने लिहिलं. तू आकड्यावरून ओळखलंस, आणि त्या पत्राला मी उत्तरच दिलं नाही.

आणि गंमत बघ, गोळी मी खरंच एकदाही चुकवली नाही. गजर वाजला की घ्यायचो. खोटं बोललो त्यात तेवढं एक खरं होतं आणि त्यानेच वाट लावली. रक्त दिलं असतं तर मॅडमनी डोस कमी केला असता. एका सुईचं काम होतं.

पेशी आता चार हजारांवर आहेत. नवव्या दिवशी भराभर वाढायला लागल्या. जीव वाचला असं सगळे म्हणतात. पण पेशींसाठी जी दुसरी गोळी बंद केली ती किडनीला सांभाळणारी होती. शरीराने तुझी किडनी परकी म्हणून ओळखली, ताई. क्रिएटिनिन १.३ होतं, ते २.८ झालंय. किडनी वाचवायला जोराचं औषध द्यावं तर पेशी पुन्हा पडतील, आणि गुलाबी गोळी बंद असल्यामुळे तो व्हायरसही आता आतड्यात उठलाय. मॅडम म्हणाल्या, "माझे दोन्ही हात बांधलेत."

तू मला शिव्या दे. फोनवर दे, पत्रात दे. पण गप्प राहू नकोस.

भीमराज


मुलुंड
९ जून २०२४

भीमराज,

शिव्या द्यायला बसले होते. दोन कागद फाडले. आता खरं लिहिते, तूही सगळं वाच.

मी २ मार्चला लिहिलं ना, पिशवी घेतली, पंचवीस जिने चढले? मी तेव्हा घरात पडून होते. जखमेत पू झाला होता. कुंदा रोज दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायची. नंतर टाक्यांच्या जागी फुगवटा आला, हर्निया आहे म्हणाले, वजन उचलायचं नाही. मी रुजू झाले ती ६ मेला, तीही काउंटरवर. तुझं पहिलं पत्र सुयोग सरांनी दिलं ते घरी येऊन दिलं, मी पलंगावर होते.

तुला का सांगितलं नाही? तुला वाटलं असतं, माझ्यामुळे ताईचे हाल झाले. तू आधीच किडनी घ्यायला तयार नव्हतास. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही म्हणालास, "ताई, अजून नको म्हण, मी रागावणार नाही." म्हणून मी ठरवलं, याला आपण ठणठणीत दिसायचं. आणि दिसताना फार पुढे गेले. तू लिहिलंस, देणारी फिरते आणि घेणारा पडलाय, लाज वाटते. तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. एक ओळ पुरली असती: भीमराज, मीही पडलेच आहे. त्याऐवजी मी लिहिलं, माझ्या किडनीला बसून खायची सवय नाही. ते वाक्य मला आता रोज आठवतं. भाजी चिरताना आठवतं, स्टँप मारताना आठवतं.

तू रिपोर्ट लपवलास ती तुझी चूक. ती मी माझ्या अंगावर घेणार नाही, तू लहान नाहीस. पण तुला घराबाहेर ढकललं कोणी, ते मला माहीत आहे.

आता किडनीचं काय ते मला लपवून सांगू नकोस.

संघमित्रा


दहिसर
२५ ऑगस्ट २०२४

ताई,
जय भीम.

तुझं जूनचं पत्र खिशातच ठेवलं होतं. उत्तर लिहायला आज जमतंय. मध्ये तू तीनदा येऊन गेलीस, पण आपण चहा आणि हवा यावरच बोललो.

मला खरंच काही कळलं नव्हतं. तुझ्या अक्षरात मला काही ओळखता आलं नाही. तू माझी उतरलेली ओळ ओळखलीस, मी तुझं सरळ अक्षर बघून म्हटलं, ताई मजेत आहे. तुझ्या वाक्याने मी मढला गेलो असं म्हणू नकोस. मला जायचंच होतं. तू जाऊ नको म्हणाली असतीस तरी कदाचित गेलो असतो. कदाचित नसतो. हे आता कोणालाच कळणार नाही.

किडनी गेली. गुरुवारी मॅडमनी सांगितलं. क्रिएटिनिन साडेआठ, लघवी जवळजवळ बंद. मी विचारलं, माझ्या बहिणीची किडनी काढून टाकणार? म्हणाल्या, "त्रास देत नसेल तर काढत नाही. आतच राहते. हळूहळू आकसते." मी उजव्या बाजूला हात लावून बघतो. तिथे टणक लागतं. डायलिसिसवर घोट मोजून प्यावे लागायचे, पण सात महिने तिने मला पाणी पिऊ दिलं, ताई. पोटभर. सकाळी उठून तांब्याभर पाणी प्यायचं, याचं सुख काय असतं ते मी तुला कधी सांगितलंच नाही. तेव्हा आकडेच लिहीत बसलो.

सोमवारपासून बोरिवलीला डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. खुर्ची तीच, खिडकीजवळची.

मॅडमनी अवयवदानाच्या यादीचा फॉर्म दिलाय. गेलेल्या माणसाची किडनी मिळू शकते, पाच-सहा वर्षं थांबावं लागेल. जान्हवी सही कर म्हणते. माझा हात पुढे होत नाही. एक मिळाली होती, ती मी घालवली. यादीत माझ्या खाली असा कोणीतरी असेल, जो दर मंगळवारी रक्त देईल. त्याची जागा मी का घेऊ? तू सांग. तू सांगशील ते करीन.

भीमराज


मुलुंड
१ सप्टेंबर २०२४

भीमराज,

पत्र वाचून देव्हारा नसलेल्या घरात माणूस कुठे जाऊन रडतो? मी मोरीत जाऊन रडले. कुंदा बाहेर उभी राहिली, आत आली नाही, बरं केलं.

किडनी दिली याचा मला पश्चात्ताप नाही. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. सात महिने तू पाणी प्यायलास ना? मग ती वाया गेली नाही. वाईट याचं वाटतं की आपण दोघं एकमेकांना इतके जपत होतो की एकमेकांना खरं काही कळूच दिलं नाही.

फॉर्मचं विचारतोस. लहानपणापासून तुला मीच सांगत आले, हे कर, ते कर. दवाखाना मी ठरवला, किडनी मी ठरवली, रंधा हातात घे हेही मीच म्हटलं. या वेळी सांगणार नाही. राग म्हणून नाही. तू त्रेचाळीस वर्षांचा आहेस. सही कर किंवा करू नकोस, मला दोन्ही चालेल. फक्त काय ठरवलंस आणि का, ते खरं लिही. आणि माझंही खरं घे: हर्नियाचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये आहे. मला भीती वाटते. दोन वेळा तारीख पुढे ढकलली ती सुट्टी नाही म्हणून नाही, भीतीने.

बुधवारी बोरिवलीला येते. चार तास बाजूला बसेन.

ताई


दहिसर
१५ सप्टेंबर २०२४

ताई,
जय भीम.

त्या बुधवारी तू बाजूला बसून पेपर वाचत होतीस तेव्हा शेजारच्या खुर्चीवरचे अंबादासकाका म्हणाले, "तुमची बहीण फार कमी बोलते." मी म्हटलं, आधी फार बोलायची.

फॉर्मवर काल सही केली. का, ते लिहितो. मॅडमना मी सगळं सांगितलं, ते यादीत माझ्या खाली असलेल्या माणसाचंही. त्या म्हणाल्या, "ते ठरवायचं काम तुमचं नाही. नंबर कधी लागेल ते यादी ठरवते. तुमचं काम दर मंगळवारी रक्त देणं." मला राग आला आणि मग पटलं. आणि दुसरं कारण, मला पाणी प्यायचंय. एवढंच आहे, मोठं काही नाही. कधीकधी वाटतं, सही करायला नको होती. हेही खरं.

तुझ्या ऑपरेशनला मी येणार. भीती वाटते तर वाटू दे, मी बाहेर बाकावर असेन. डायलिसिसचा वार सोडून तारीख घे.

या मंगळवारचा रिपोर्ट पाकिटात घातलाय, बघ. हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ. पांढऱ्या पेशी चार हजार तीनशे. पोटॅशियम जास्त आलंय, सहा. जान्हवीला वाटतं मशीन नीट चाललं नाही. तसं नाही. सोमवारी परत येताना रस्त्यात गाडीवर वेलची केळी दिसली आणि पोटॅशियममुळे मला केळी बंद असताना मी उभ्या उभ्या तीन खाल्ली. तिला अजून सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगतो.

तुझा
भीमराज